जुनेराची गोधडी

भाची शिकायला पुण्यात आली, आमच्याकडे राहू लागली आणि घराची सरळ वाटणी झाली. सकाळ माझ्या भावगीतांची, रात्र तिच्या हिप-हॉपची. तिच्या गाण्यांना मी 'बडबड' म्हणायचो, माझ्या गाण्यांना ती 'अंगाई'. एका रविवारी मी डाळिंब सोलत बसलो होतो आणि तिच्या खोलीतून चक्क लताबाईंचा आवाज आला. 'थोडा रेशम लगता है'. चित्रपट 'ज्योती', साल १९८१, संगीत बप्पी लाहिरी. पण खाली छातीत घुमणारा भलताच बास, आणि मध्येच कुणी बाई इंग्रजीत गाऊ लागली. मी डाळिंबाच्या हातानं तसाच उठलो.

"अगं, हे आमचं गाणं आहे!"

"मामा, हे ट्रूथ हर्ट्सचं 'ॲडिक्टिव्ह' आहे. २००२ सालचं. डीजे क्विकनं केलंय."

"केलंय काय? उचललंय!"

"हो," ती शांतपणे म्हणाली. "आता पुढचं ऐक."

त्याला आता दीड वर्ष झालं. हल्ली माझ्या वयाचे मित्र दबक्या आवाजात विचारतात, "अरे, ते रॅप ऐकायचं तर सुरुवात कुठून करायची?" आजचं सदर त्यांच्यासाठी.

सुरुवात 'ॲडिक्टिव्ह'पासूनच करा. ते या प्रकारातलं थोर गाणं नाही, पण परक्या वाड्याच्या दारात ओळखीचा चेहरा दिसला की पाऊल आत पडतं. त्यात मध्ये जो पुरुषाचा सावकाश, कोरडा आवाज येतो तो राकिमचा. हा माणूस घराण्याचा बुजुर्ग. त्याचा आणि एरिक बीचा 'पेड इन फुल' हा १९८७ चा अल्बम लगेच लावा.

इथे पहिली अडचण येते. आपण चालीची वाट बघत बसतो, आणि चाल काही येत नाही. रॅपमध्ये शब्द ठोक्यावर नेमका कुठे पडतो, यातच सगळी गंमत असते. चार ठोक्यांचा एक बार, असे सोळा बार म्हणजे साधारण एक कडवं. आपला हात सवयीनं पहिल्या ठोक्यावर पडतो. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर. मला हे जमायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात घरच्यांनी मला बरंच सोसलं. राकिमच्या आधीचे बहुतेक गडी ओळीच्या शेवटी यमक ठेवून मोकळे होत. लहानपणी सॅक्सोफोन वाजवलेल्या या माणसानं यमकं ओळीच्या पोटात पेरली आणि वाक्य बार ओलांडून पुढे नेलं. म्हणून प्रत्येक गाणं तीनदा ऐका. एकदा फक्त ठेका, एकदा अर्थ सोडून नुसता शब्दांचा नाद, आणि तिसऱ्यांदा शब्द समोर धरून.

मग मुळाकडे जा. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही इमारत. जमैकातून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलच्या बहिणीला शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या लावणारा क्लाइव्ह म्हणजे डीजे कूल हर्क. त्याच्या ध्यानात आलं होतं, की गाण्यात गाणारा थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात, त्या काही सेकंदांसाठी नाचणारे टपून असतात. मग त्यानं एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तो तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांची झाली काही मिनिटं.

हे कळलं तेव्हा मला माझी आजी आठवली. घरातलं जुनेर ती टाकू देत नसे. विरलेल्या लुगड्यातला धड भाग बघून कापायची आणि गोधडीत लावायची. कूल हर्क तेच करत होता. 'उचललंय' या माझ्या शब्दाला पहिली उसवण तिथे लागली.

पण प्रश्न पुरता सुटत नाही. १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट' ऐका. रॅप घराघरात पोचवणारं पहिलं मोठं गाणं. त्याचा पाया 'शिक' या वाद्यवृंदाच्या 'गुड टाइम्स'चा. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना आपलं नाव त्यावर लावून घ्यायला कायद्याचा धाक दाखवावा लागला. 'ॲडिक्टिव्ह'च्या बाबतीत बप्पीदांनाही अमेरिकेत कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि श्रेय दिल्याखेरीज विक्री थांबवण्याचा आदेश निघाला. गोधडी शिवावी जरूर, पण लुगडं कुणाचं ते सांगावं.

यानंतर १९८२ चं 'द मेसेज'. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्हच्या नावावरचं, पण आवाज मुख्यतः मेली मेलचा. तोवर रॅप म्हणजे पार्टीची धमाल. इथे ठेका मुद्दाम संथ केला आणि ब्राँक्सच्या पडक्या घरांचं, तुंबलेल्या रागाचं वर्णन आलं.

"पण शिव्या फार असतात," हा पुढचा आक्षेप. असतात, आणि बायकांबद्दल नको तेही असतं. त्याचं उत्तर माझ्याकडून नको, क्वीन लतिफाकडून घ्या. 'युनिटी', १९९३. बाईला हिणवणाऱ्या शब्दाला तिनं त्याच ठेक्यावर उभं राहून सुनावलंय.

आणि मग टुपॅकचं 'डिअर मामा', १९९५. आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर चळवळीतली, पुढे व्यसनात अडकलेली. मुलगा काही झाकत नाही आणि तरी आभार मानतो. त्याची धून ऐकताना भाचीनं सांगितलं, की त्यात 'स्पिनर्स'च्या 'सेडी' या गाण्याचा धागा आहे, आणि 'सेडी'सुद्धा आईवरचंच गाणं. आईच्या गाण्याला आईच्याच गाण्याचं अस्तर! त्या क्षणी मी 'उचललंय' हा शब्द मागे घेतला.

मुंबई शेवटी ठेवा. डिव्हाइन आणि नेझीचं २०१५ चं 'मेरे गली में', मग 'स्वदेसी'चं 'द वारली रिव्होल्ट'. त्यात मराठी रॅपला आरेतल्या प्रकाश भोईर यांचा आवाज जोडलेला आहे. फक्त "हा तर आपला पोवाडाच" असं म्हणून पाठ थोपटून घेऊ नका. शाहिराचा पोवाडा थोर आहेच. पण पाहुण्याला आपल्याच आडनावानं हाक मारली की त्याची ओळख राहूनच जाते.

जाता जाता एक नाव. क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला त्याचा काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा असंख्य रॅप गाण्यांत शिवलेला आहे. पब्लिक एनिमीच्या 'फाइट द पॉवर'मध्येही. गाण्यावर श्रेय ब्राउनचं. क्लाइड २०१७ मध्ये गेला. त्या वाजवण्याच्या मानानं त्याच्या हाती फारसं काही आलं नव्हतं.

मी हे जरा तावातावानंच भाचीला सांगत होतो. ती ऐकून घेत म्हणाली, "मामा, आता तुझं मूळ गाणं लाव ना. 'ज्योती'तलं."

मी लावलं. ती डोळे मिटून दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर मान हलवत राहिली. संपल्यावर म्हणाली, "ठेका काय भारी आहे. कुणी वाजवलाय?"

गायिका, संगीतकार, चित्रपट, साल, सगळं मला तोंडपाठ होतं. मी उठून पुन्हा डाळिंब सोलायला घेतलं.