इंटरनेट : शहरात निवड, खेड्यात प्रतीक्षा

घरी इंटरनेटची जोडणी कोणत्या कंपनीची घ्यावी, असा प्रश्न नवघर-माणिकपूर, नालासोपारा किंवा विरार येथील कुटुंबाला पडतो, तेव्हा त्याच्यासमोर तीन-चार उत्तरे तयार असतात. त्याच पालघर जिल्ह्यातील मोखाडा वा विक्रमगड तालुक्याच्या एखाद्या पाड्यावर हा प्रश्नच उद्भवत नाही. मोबाइलची रेंज अंगणात येते की टेकाडावर जावे लागते, एवढाच काय तो विचार तेथे करायचा असतो. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंचे शहर आणि डोंगरातील आदिवासी वस्ती यांना एकाच जिल्ह्यात बांधणाऱ्या पालघरसारख्या ठिकाणी या तफावतीचा विचार करणे अगत्याचे आहे.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. पुढे २००४ च्या धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला ‘ब्रॉडबँड’ हे नाव दिले. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस झाला आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. वसईकरांना आरंभीची जोडणी मिळाली ती भारत संचार निगमाच्या तांब्याच्या तारेवरून. त्या तारेचा एक अवगुण असा, की टेलिफोन एक्सचेंजपासून घर जितके दूर, तितका वेग मंद. तीन-चार किलोमीटरनंतर ती जवळजवळ निरुपयोगी ठरे. ऑप्टिकल फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाद्वारे संदेश नेणारी तार, आली आणि अंतराची ही अडचण पुष्कळशी दूर झाली. अडचण उरली ती खर्चाची.

शहरातील स्पर्धा खरी तापली ती २०२० मध्ये. जिओने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस देऊ केले, एअरटेलने ४९९ रुपयांत ४० आणि भारत संचार निगमाने ४४९ रुपयांत ३०. या दरांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. तीनही दरपत्रके शेजारी ठेवली तर फरक किरकोळ दिसतो, आणि माझ्या मते तो किरकोळच आहे. निवड करताना महत्त्वाच्या ठरतात त्या वेगळ्याच गोष्टी. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जोडणीला महिन्याची मर्यादा असते (जिओच्या बाबतीत ती सुमारे ३,३०० जीबी आहे) आणि ती ओलांडली की वेग घसरतो. जाहिरातीतील ‘एमबी’ हा मेगाबिट असतो, मेगाबाइट नव्हे. त्यामुळे ३० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला पावणेचार मेगाबाइटांपेक्षा अधिक काही उतरणार नाही. एकाच तंतूवर बत्तीस वा चौसष्ट घरे विभागलेली असतात, म्हणून रात्री आठनंतरचा अनुभव दुपारच्या अनुभवाहून निराळा असू शकतो. आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे तार तुटल्यावर ती जोडायला कोण येतो. आपल्याकडे अनेकदा येतो तो गल्लीतला केबलवाला, मग बिलावर नाव कोणाचेही असो. यास्तव कंपनीच्या दरपत्रकाइतकीच शेजाऱ्याकडे चौकशी करावी हे उत्तम.

नावे पुष्कळ दिसली तरी स्पर्धक तितके असतातच असे नाही. हॅथवे आणि डेन या केबल क्षेत्रातील दोन मोठ्या कंपन्यांचे नियंत्रण रिलायन्सने घेण्याचे २०१८ मध्येच ठरले. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमधून विखुरलेल्या घरांना हे लवकर कळते. चाळीस सदनिकांच्या इमारतीत एक तार आणली की चाळीस ग्राहक मिळण्याची आशा असते. नारळी-पोफळीच्या वाडीत तितक्याच तारेमागे दोन-तीन. शहराच्या हद्दीतसुद्धा निवडीचे सुख इमारतीला आधी मिळते, वाडीला मागाहून.

हाच हिशेब आपण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नेला, तर कोणतीही खासगी कंपनी तेथे तार का नेत नाही हे निराळे सांगावे लागत नाही. वीस घरांचा पाडा, पुढचा पाडा दोन किलोमीटरवर, मध्ये ओढा, वनखात्याची जमीन आणि पावसाळ्यात खचणारा रस्ता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मार्च २०२५ च्या आकडेवारीनुसार देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९४ कोटी ग्राहक होते. त्यांपैकी तारेने जोडलेले जेमतेम ४ कोटी. तारेच्या दूरध्वनीचे पाहिले तर दहा जोडण्यांपैकी सुमारे नऊ शहरी आहेत. २०२५ च्या आरंभी झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ८६ टक्के कुटुंबांच्या घरी इंटरनेट असल्याचे आढळले, ही निःसंशय मोठी मजल आहे. २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागात हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. परंतु वरचे दोन्ही आकडे एकत्र वाचले की उलगडा होतो : खेड्यातील ‘घरचे इंटरनेट’ म्हणजे प्रायः घरातील एखाद्याच्या खिशातला मोबाइल. तो खिसा कामावर गेला की घरातले इंटरनेटही गेले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर भरू लागल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतील किती मुले यामुळेच वर्गाबाहेर राहिली, हे आपण पाहिले आहे.

त्यातही खेडे अधिक पैसे मोजते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओची रोज दीड जीबी देणारी २८ दिवसांची योजना २९९ रुपयांची झाली. पाड्यावरील एका घरात असे दोन फोन असले, तर ५९८ रुपयांत ८४ जीबी पदरी पडतात. शहरातील कुटुंब ३९९ रुपयांच्या तारेच्या जोडणीसाठी करासह सुमारे ४७१ रुपये देते आणि ३,३०० जीबी वापरू शकते. शहरातल्या माणसालाही मोबाइल भरावा लागतोच, हे मान्य. पण मुलाचा दोन तासांचा तास पाहायचा की आजचा डेटा संध्याकाळसाठी राखायचा, हा पेच त्याच्यासमोर नसतो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तिचेच पुढे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. पैसा येतो तो दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून कापून घेतलेल्या निधीतून, म्हणजे पर्यायाने आपल्या सर्वांच्या बिलांतून. २०२५ पर्यंत सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ झाल्याचे सांगण्यात आले. आता त्याच अहवालांतील दुसरा आकडा पाहा : या जाळ्यातून घरांना दिलेल्या फायबर जोडण्या सुमारे १२ लाख. भागाकार करा. एका ग्रामपंचायतीमागे सरासरी सहा घरेसुद्धा भरत नाहीत. तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत पोहोचली आणि कपाटातल्या यंत्रापाशी थांबली, असाच याचा अर्थ होतो.

याची कारणे तांत्रिक आहेत तशी कारभाराचीही. पहिल्या टप्प्यात तार तालुक्यापासून पंचायतीपर्यंत सरळ रेषेत टाकली गेली. रस्त्याच्या खोदाईत ती एका ठिकाणी तुटली की पलीकडचे सारे बंद. शिवाय फायबरच्या घरगुती यंत्राला घरचीच वीज लागते. जुन्या तांब्याच्या तारेचा फोन वीज गेल्यावरही एक्सचेंजच्या बॅटरीवर चालत असे. नव्या यंत्राला ती सोय नाही. पंचायतीपासून घरापर्यंतची शेवटची तार कोणी टाकायची, बिल कोणी गोळा करायचे, दुरुस्ती कोणाची, हे कोणी नीट ठरवलेच नाही. मोजणी पंचायतीची झाली, घराची झाली नाही, आणि माझ्या मते सगळ्या चुकीचे मूळ येथे आहे. जे मोजले जाते तेच पूर्ण केले जाते.

हवेतून येणाऱ्या जोडणीविषयी सध्या बरीच आशा बाळगली जाते. एअरटेल आणि जिओ यांनी २०२३ मध्ये ५जी मनोऱ्यावरून घरात इंटरनेट देणारी ‘एअरफायबर’ सेवा आणली. ती चांगली आहे. तथापि मनोरा जवळ हवा आणि त्याच्यापर्यंत स्वतः फायबर पोहोचलेले हवे. शिवाय जिओच्या आरंभीच्या दरपत्रकात तारेने ३९९ ला मिळणारा ३० एमबीपीएस वेग हवेतून ५९९ ला होता, त्यात वाहिन्या वगैरे जोडून दिल्या होत्या, हे खरे. उपग्रहाद्वारे सेवा देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. पण अशा सेवेची छतावरची तबकडीच परदेशांत बऱ्यापैकी महाग पडते. एखाद्या आश्रमशाळेला वा आरोग्य केंद्राला तिचा उपयोग होईल. रोजंदारीवरच्या कुटुंबाला होईल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला आणि त्या राज्याने २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले. वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याच्या संकल्पाच्या मानाने प्रत्यक्ष गती फार मंद राहिली. परंतु उद्दिष्ट कुटुंबांच्या संख्येत मांडले गेले, एवढा फरक तरी लक्षात घेण्यासारखा आहे.

केंद्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटचा सुधारित आराखडा मंजूर केला. खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. सरळ रेषेऐवजी आता वर्तुळाकार जाळे होणार आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी. पंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांनाही जोडणी मिळेल, पण मागणी केल्यास. ‘मागणी केल्यास’ हे दोन शब्द आपल्या जिल्ह्यासाठी कळीचे आहेत, कारण आराखड्यात गाव मोजले आहे, पाडा नव्हे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातील तालुके. तेथे पेसा कायद्याखालील २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. अशा ग्रामसभेने लेखी ठराव करून मागणी नोंदवावी आणि त्याच बैठकीत पंचायतीच्या कचेरीतील यंत्र मागील महिन्यात किती दिवस चालू होते, याची नोंद वाचून दाखवण्यास सांगावे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा आहेत.