एक जुलैची सकाळ

१ जुलैचा, म्हणजे कॅनडा दिनाचा, आपल्या मंडळाचा कार्यक्रम ठरलेला असतो. पार्कमध्ये जमायचं, राष्ट्रगीत म्हणायचं, मुलांच्या हाती लाल-पांढरे झेंडे द्यायचे, मग वडापाव. यंदा या सगळ्याच्या आधी पाच मिनिटं न्यूफाउंडलंडसाठी ठेवावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कॅनडाच्या त्या प्रांतात १ जुलैची सकाळ शोकाची असते. दुपारी बारापर्यंत झेंडे अर्ध्यावर उतरवलेले आणि लोकांच्या छातीवर फर्गेट-मी-नॉटची निळी फुलं. १९१६ साली याच दिवशी, फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत, न्यूफाउंडलंड रेजिमेंटचे सुमारे ८०० जवान बोमाँ-हॅमेल गावाजवळ खंदकांतून बाहेर पडले. जेमतेम अर्ध्या तासात सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला फक्त ६८ जण उभे राहिले. बाकीचे मारले गेले होते, जखमी होते किंवा बेपत्ता. सबंध न्यूफाउंडलंडची वस्ती तेव्हा अडीच लाखही नव्हती. किनाऱ्यावरच्या किती कोळीवाड्यांत त्या आठवड्यात चुली पेटल्या नसतील!

हे जवान कॅनडाचे नव्हतेच. न्यूफाउंडलंड तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातला वेगळा देश होता, स्वतःचं विधिमंडळ असलेला. रेल्वेसाठी आणि मग युद्धासाठी काढलेल्या कर्जाने तो वाकला, मंदीत मासळीचे भाव कोसळले, आणि १९३४ मध्ये विधिमंडळ बाजूला सारून लंडनने नेमलेल्या आयोगाकडे कारभार गेला. आपल्याकडे माणसं स्वराज्यासाठी तुरुंगात जात होती त्याच काळात इथे एका देशाच्या हातून ते निसटलं. हे वाचल्यापासून मला ते अस्वस्थ करत आलं आहे. पुढे १९४८ मध्ये दोनदा सार्वमत झालं, दुसऱ्यात जेमतेम ५२ टक्के मतं कॅनडाच्या बाजूने पडली आणि ३१ मार्च १९४९ ला हा प्रांत कॅनडात आला. म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यानंतर!

आनंदाच्या दिवशी शोक कशाला, असं कुणी म्हणेल. पण न्यूफाउंडलंडचे लोक दोन्ही पाळतात: सकाळी स्मारकापाशी, दुपारनंतर उत्सवात. २०२४ च्या १ जुलैला सेंट जॉन्सच्या युद्धस्मारकात एका अनाम जवानाचे अवशेष फ्रान्समधून आणून पुरले गेले. आपली मुलं ज्या कॅनडाचा झेंडा हातात धरतात, त्यात ही माणसंही आहेत. राष्ट्रगीताआधी कुणी तरी मुलांना बोमाँ-हॅमेलची हकीकत सांगावी. सांगणारं कुणी मिळालं नाही, तर मी सांगेन.