मतपेटीचें कुलूप आणि मतदाराची तहान

अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानानें २०२१ सालीं निवडणुकीचा नवा कायदा केला. टपालानें मत देणाऱ्याची सही ताडून पाहण्याऐवजीं ओळखपत्राचा क्रमांक मागावा, हें त्यांतील कलम आम्हांस रास्त वाटतें. सही वयाबरोबर बदलते. परंतु मतदानाच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आंत रांगेंतील मतदारास कोणा नागरिकानें पाणी देणें हाही गुन्हा ठरला! पाण्याच्या मिषानें मत वळवूं नये, हा हेतु आम्ही जाणतों; अधिकाऱ्यांस पाणी ठेवण्याची मुभा आहे, हेंही खरें. तथापि तहानेलेल्यास पाणी देणें ही ख्रिस्तसेवा, असें आम्ही शाळेंत शिकवितों. दोष पाणी देणाऱ्याचा नसून लांबलेल्या रांगेचा आहे. मतपेटीस कुलूप असावेंच. पण तिच्यापर्यंतची वाट सुगम करणें हेंही कायद्याचेंच कर्तव्य होय. विद्यार्थ्यांनो, उद्यां मतदारांच्या रांगेंत तुम्हीही उभे राहाल, तेव्हां हें विसरूं नका.