प्रोटॉन मोजता येतो, मग मॅनहोल का नाही?

"मशीनला जात कळत नाही." हे वाक्य हल्ली आपल्याच अभ्यासवर्गांत ऐकू येतं, तेही शिकलेल्या, कोडिंग करणाऱ्या पोरांच्या तोंडून. त्यांचं म्हणणं असं की भेदभाव माणूस करतो, सेन्सर फक्त मोजतो. त्या मोजमापातून मशीन लर्निंग नमुने शोधतं. म्हणजे संशोधन एकदा डेटावर चालायला लागलं की जात आपोआप बाद!

मित्रांनो, हा भाबडेपणा आपल्याला महागात पडेल.

सेन्सर फक्त मोजतो, हे मान्य. पण तो कुणावर तपासून बाजारात आणला? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवा. त्यावरच्या आकड्यावर खाट मिळणार की नाही हे ठरत होतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिलं की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीखाली गेलेला असताना यंत्र 'ठीक आहे' असं सांगतं, आणि ही चूक गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांच्या बाबतीत जवळपास तिप्पट वेळा होते. यंत्र प्रकाशावर चालतं आणि कातडीतलं रंगद्रव्य त्या प्रकाशाच्या आड येतं. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. चाचणीच्या वेळी कुणाची बोटं पुरेशी घेतली आणि कुणाची नाही, एवढाच प्रश्न होता.

आता आपल्या मातीत या. हिंगोली जिल्ह्यात औंढा तालुक्यात लायगो-इंडिया उभं राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगोच्या भुजा चार-चार किलोमीटर लांब असतात आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचालही त्यांत पकडता येते. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जगाला सांगितली. ताऱ्यांवर, विज्ञानावर लिहायचं स्वप्न पाहणारा आपला रोहित वेमुला त्याआधी पंचवीस दिवस, १७ जानेवारीला गेला होता.

लायगोचा सगळा खटाटोप नको त्या आवाजातून हवा तो आवाज वेगळा काढण्याचा आहे. ट्रक गेला, वारा सुटला, दूर समुद्र खवळला, सगळं त्यात नोंदलं जातं. या खडखडाटांची वर्गवारी करायला मशीन लर्निंग वापरतात, आणि मशीनला शिकवायला हजारो सामान्य माणसं घरबसल्या आलेख पाहून त्यांना नावं देतात. हॅनफर्डच्या लायगोत एकदा विचित्र ठोके येऊ लागले. शोध घेतला तर तहानलेले डोमकावळे थंड नळीवरचा बर्फ चोचीने टोचत होते! नळीचा बंदोबस्त झाला, ठोके थांबले.

मला या विज्ञानाचा मत्सर नाही, उलट अभिमान आहे. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं म्हणून आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तिथे हे यंत्र येतंय आणि त्यात आपली पोरं असलीच पाहिजेत. पण कावळ्याची चोच ऐकू येते त्या जगात मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाचा श्वास बंद पडलेला ऐकू येत नाही, याचं उत्तर मला हवं आहे.

तंत्रज्ञान नाही, असं कुणी सांगू नये. गटारातला मारेकरी बहुतेक वेळा हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की वास घेणारी नसच बधिर होते, आणि उतरलेल्या माणसाला वाटतं की वास गेला, धोका टळला. म्हणजे इथे माणसाच्या नाकावर विसंबून चालतच नाही, सेन्सरच हवा. तो आहे, खिशात मावतो, चार वायू मोजतो. २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांत सुरक्षा साधनांच्या यादीत त्याचं नाव छापलेलं आहे. "गटारातल्या दमटपणाने सेन्सर लवकर खराब होतात," असं इंजिनिअर सांगतात. होतात, पण प्रोटॉनपेक्षा बारीक मोजणाऱ्यांनी ही अडचण सांगावी?

बरं, गटारातल्या या वायूवर संशोधनही होतंय. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या गटारांत सेन्सर बसवून मशीन लर्निंगने हायड्रोजन सल्फाइडचा अंदाज बांधण्याचं काम झालं आहे. कशासाठी? जिवाणू त्या वायूपासून सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि ते काँक्रीट खातं, म्हणून. पाइप वाचवण्यासाठी. तिथे पाइप महाग आहे. इथे पाइपही सडतो आणि माणूसही, कारण इथे माणूस स्वस्त आहे, आणि तो कोणत्या जातीचा आहे म्हणून स्वस्त आहे हे तुम्हाला-मला सांगायची गरज नाही. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत नोंदवलेल्या पहिल्या सुमारे ३८,००० गटार-सेप्टिक टँक कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले.

आपल्या कामगाराच्या वाट्याला सेन्सर आलाच नाही असं मात्र नाही. नागपूर, चंडीगड, पंचकुला इथे सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली गेली. ती काय मोजतात? कामगार हद्दीत आहे का, कामावर किती वाजता आला, एका जागी किती वेळ थांबला. त्याच्याभोवतीची हवा कशी आहे, हे ती मोजत नाहीत. चंडीगडला कामगारांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. सेन्सर माणसाच्या अंगावर आहे, पण तो मुकादमासाठी.

"मशीनला जात कळत नाही" म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. मशीन लर्निंगमध्ये सगळ्यात ताकदवान माणूस कोड लिहिणारा नसतो, लेबल लावणारा असतो. २०१९ मध्ये 'सायन्स'मधल्या एका अभ्यासाने अमेरिकेतल्या इस्पितळांचं एक सॉफ्टवेअर उघडं पाडलं. कुणाला जास्त उपचारांची गरज आहे हे ते ठरवत होतं, पण 'आजार' मोजण्याऐवजी 'आजवर झालेला खर्च' मोजत होतं. काळ्या लोकांवर आधीच कमी खर्च होत आलेला, म्हणून मशीनने त्यांना निरोगी ठरवलं. वंशाचा रकाना त्या सॉफ्टवेअरला दिलेलाच नव्हता!

आपल्याकडे हे लेबल संसदेत लागतं. जुलै २०२१ मध्ये रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की हाताने मैला उचलल्यामुळे एकही मृत्यू नोंदवला गेलेला नाही. मग गटारात मेले ते कोण? त्यांचा रकाना वेगळा: 'गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई'. त्या रकान्यात २०१९ ते २०२३ मध्ये ३७७ मृत्यू आहेत, हाही सरकारचाच आकडा. उद्या एखाद्या संशोधकाने हा सरकारी डेटा मशीनला शिकवला तर मशीन प्रामाणिकपणे सांगेल की मैला उचलण्याची प्रथा संपली.

म्हणून आपल्या पोरांना माझं सांगणं आहे की मशीन लर्निंग शिका, पण फक्त नोकरीसाठी नको. बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना सरकारी तज्ज्ञांची मूळ व्याख्याच तपासायला घेतली होती. तोच खाक्या इथे हवा. प्रबंधाचा विषय निवडताना वाहतूक आणि शेअर बाजार सोडून आपल्या शहराचं गटार निवडा. पाण्याची पातळी, तापमान, वायूचं प्रमाण यांचा वर्षभराचा डेटा गोळा करा. मार्गदर्शक नाक मुरडेल. मुरडू द्या.

ज्यांना कोडिंग येत नाही त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, त्याला दहा रुपये लागतात. महापालिकेला विचारा: चार वायू मोजणारी यंत्रं किती आहेत, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, ठेकेदाराकडे किती आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत मॅनहोल उघडण्याआधी घेतलेल्या वायूच्या नोंदींचं रजिस्टर कुठे आहे. कोरं रजिस्टर हाती पडलं, तर त्याचीही प्रमाणित प्रत घ्या.

जय भीम!