चिमुकल्या गाडीची जुळवणी

खानदेशांतील एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या तेरा वर्षांच्या चिरंजिवांस शिष्यवृत्ति मिळाली. ती रक्कम जपून ठेवलेली आहे, आणि तिच्यांतून रेडिओच्या लहरींवर चालणारी शर्यतीची गाडी घ्यावी असा त्यानें हट्ट धरला आहे. बाईंचे मामंजी म्हणतात, "विद्येनें मिळालेले पैसे खेळण्यावर उधळावयाचे नाहींत." मामंजींचा शब्द घरांत शेवटचा, पण मुलगा आज पंधरा दिवस आजोबांच्या पंक्तीला बसत नाहीं. "आपण जन्मभर मुलें शिकविलींत, हें खेळणें कीं शिक्षण, एवढें आपणच सांगा," असें बाई लिहितात.

आम्हांस या विषयाची ओळख झाली ती आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवामुळें. त्यानें अशी एक गाडी आमच्या ओसरीवर जुळविली. ती जुळतांना आणि पुढें पळतांना आम्ही शेजारीं बसून पाहिली. तेव्हां निकाल देण्यापूर्वीं ही वस्तु आहे तरी काय, तें वडीलधाऱ्या मंडळींस समजावें म्हणून थोडें सविस्तर लिहितों.

बाजारांत अशा गाड्यांच्या दोन जाती मिळतात. एक पेटींतून काढली कीं पळणारी. ती घेऊं नये, एवढें येथेंच सांगून टाकतों; कारण ती मोडली म्हणजे मुलाला तिच्या पोटांतलें कांहींच ठाऊक नसतें. दुसरी जात सुट्या भागांची. पेटी उघडावी तों पिशव्या, खिळे, दांतेरी चक्रें आणि एक चित्रमय पुस्तिका. गाडी म्हणून दिसेल असें त्यांत कांहीं नसतें. 'टूरिंग कार' म्हणून जो वर्ग आहे तो रस्त्यावरच्या चारचाकीची एक-दशांश प्रतिकृति होय. लांबी सुमारें एक हात, रुंदी १९ सेंटिमीटरांच्या आसपास, आणि चारहि चाकांना गति मिळालेली.

या छंदाचें मोठें पीठ जपानांत, शिझुओका शहरीं आहे. तेथील टामिया ही पेढी १९४६ सालीं लांकडाच्या वखारीच्या रूपानें सुरू झाली. पुढें उरल्यासुरल्या लांकडांतून नमुने करतां करतां ती प्लॅस्टिककडे वळली, आणि १९७६ सालीं तिनें पोर्शे ९३४ या गाडीची रेडिओवर चालणारी प्रतिकृति बाजारांत आणली. नवशिक्यांच्या हातीं आज बहुधा जी दिली जाते ती तिचीच टी-टी-०२ ही गाडी २०१३ सालची. आमच्या ओसरीवर जुळली तीहि हीच.

जुळविण्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं, आणि दिसतें तितकें कठीणहि नाहीं. कठीण भाग निराळाच आहे. जपानी स्क्रूच्या डोक्यावरील चौफुली खांच आपल्याकडच्या साध्या पेचकशाला नीट बसत नाहीं. टोंक निसटतें आणि खांच झिजून गोल होते. म्हणून त्या खांचेचाच पेचकस घ्यावा. दुसरें, प्लॅस्टिकमध्यें स्क्रू शिरवितांना आधीं तो उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो 'टक्' करून बसला कीं मग सुलटा पिळावा. असें न केल्यास दर वेळीं नवे आटे पडून भोंक मोठें होतें. हें एवढें समजावयास मुलाला एक पिशवी लागते; आमच्या ओळखीचे एक इंजिनिअर गृहस्थ आहेत, त्यांना तें अद्यापि पटलेलें नाहीं !

चक्रांच्या मधोमध 'डिफरन्शिअल' नांवाची एक डबी असते. ती कशासाठीं, हें आम्हीं नातवाला विचारलें. त्यानें पुस्तिकेंतील वाक्य म्हणून दाखविलें. आम्हीं त्याला खडू दिला. डाव्या व उजव्या चाकांमध्यें अंतर सुमारें १६ सेंटिमीटर. गाडी पूर्ण वर्तुळांत फिरली तर बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां किती अधिक चालेल ? वर्तुळ केवढें तें दिलेलें नाहीं, म्हणून तो अडला. पण तें लागतच नाहीं. दोन परिघांची वजाबाकी केली कीं त्रिज्या उडून जाते, आणि उरतो अंतराचा दुपटीचा व पायचा गुणाकार, म्हणजे सुमारें एक मीटर. अंगणाएवढें वर्तुळ असो वा मैदानाएवढें, बाहेरचें चाक मीटरभर अधिक धांवणारच. दोन्ही चाकें एकाच दांड्याला घट्ट बांधलीं तर हें मीटरभर कोणीतरी घसरत काढावें लागेल. तें घसरणें टाळण्यासाठीं ही डबी. भूमितीच्या तासाला पन्नास मुलांपुढें हाच हिशेब आम्हीं अनेकदां मांडला असेल, पण ओसरीवर उकिडवा बसून फरशीवर वर्तुळें काढणारा विद्यार्थी आम्हांस क्वचितच लाभला.

या डबींत सिलिकॉनचें तेल घालतां येतें. तेल जितकें दाट, तितकी दोन चाकांची एकमेकांपासून सुटका कमी. आणि येथून गाडीच्या स्वभावाला हात घालण्यास आरंभ होतो.

तत्पूर्वीं वेगाचा प्रश्न. मुलांना वाटतें कीं मोठी मोटर बसविली कीं शर्यत जिंकली. या गाडींत मोटरच्या दांड्यावर २२ दांत्यांचें लहान चक्र, तें ७० दांत्यांचें मोठें चक्र फिरवितें, आणि पुढें आंतील चक्रांनीं गति आणखी २.६ पटींनीं उतरते. गुणाकार करा : मोटरचे ८.२७ फेरे तेव्हां चाकाचा एक. चाकाचा परीघ सुमारें २० सेंटिमीटर. म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला गाडी २.४ सेंटिमीटर पुढें जाते. लहान चक्राला एकच दांता वाढवून २३ केले तर प्रमाण ७.९१ होतें, आणि गाडी सरळ रस्त्यावर थोडी अधिक पळते. पण मोटरवर भार पडून ती तापते. पांच मिनिटांच्या धांवेनंतर मोटरला हात लावून तो तिथें ठेवतां येत नसेल तर तो वाढविलेला दांता परत काढावा. थोडक्यांत, सरळ रस्त्यावरचा वेग हा विकत मिळतो, आणि सर्वांनाच मिळतो. शर्यतीचा निकाल लागतो वळणांवर.

वळणावर गाडीला दोन रोग होतात. सुकाणूं वळविलें तरी नाक बाहेरच जात राहतें, हा एक. शेपूट पुढें येऊं पाहतें आणि गाडी गिरकी घेते, हा दुसरा. औषधें मात्र डझनभर : पुढच्या वा मागच्या स्प्रिंगा मऊ-कठीण करणें, धक्के झेलणाऱ्या नळ्यांतील तेल बदलणें, चाकांचा माथा किंचित् आंत झुकविणें, मागच्या चाकांचीं नाकें थोडीं आंत वळविणें, तळाची जमिनीपासून उंची कमीअधिक करणें. गुळगुळीत गालिच्याच्या मैदानावर ५ मिलिमीटर उंची पुरते; आपल्याकडच्या डांबरी पटांगणावर तेवढ्यानें तळ घासतो. ढोबळ नियम असा कीं ज्या टोकाची स्प्रिंग मऊ, त्या टोकाला पकड अधिक. नाक बाहेर जातें आहे ना, मग पुढच्या स्प्रिंगा मऊ करून पाहाव्या. आणि या सर्वांच्या वर टायर. भुईशीं संबंध केवळ चार टायरांचा; रबर झिजलेलें वा त्या जमिनीला न मानवणारें असेल तर बाकीच्या औषधांचा कांहीं उपयोग नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. नातू पहिल्या महिन्यांत एका दुपारीं चार बदल एकदम करी. स्प्रिंग बदली, तेल बदली, उंची कमी केली, टायर नवे. गाडी सुधारली. कशानें ? सांगतां येईना. पुढच्या रविवारीं बिघडली. तेंहि कशानें तें सांगतां येईना. न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. एक गोष्ट असतां दुसरी असते, हा अन्वय. ती नसतां दुसरीहि नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावांचून कारण ठरवितां येत नाहीं. आम्हीं त्याला वही घालून दिली आणि अट घातली कीं एका वेळीं एकच बदल, त्यावर पांच फेऱ्या घड्याळ लावून, आणि मग तो बदल परत काढून पुन्हां पांच फेऱ्या. परत काढणें त्याला फार जड गेलें. सुधारलेली गाडी मुद्दाम बिघडवावयाची कशाला, असा त्याचा प्रश्न. पण तीन आठवड्यांनीं त्याच वहीवरून त्याला दिसलें कीं ज्या महागड्या स्प्रिंगांना तो श्रेय देत होता त्या काढल्या तरी वेळ तोच येतो. सुधारणा झाली होती ती टायरांची. त्यानें त्या स्प्रिंगा मित्राला अर्ध्या किंमतींत दिल्या, आणि विशेष म्हणजे कां देतों तेंहि त्याला सांगितलें.

मामंजींस आम्ही विचारूं कीं हें शिक्षण नव्हे तर शिक्षण कशास म्हणावें ? मात्र त्यांचा पक्षहि आम्हांस पोरकट वाटत नाहीं. या छंदाला पैसा खाण्याची खोड आहे. किटाच्या पेटीवरील किंमत ही केवळ सुरवात. हातांतला रेडिओ, सुकाणूं फिरविणारा सर्वो, बॅटरी, चार्जर हें सारें मिळून बहुधा पेटीहून अधिक होतें, आणि पुढें प्रत्येक प्लॅस्टिकच्या भागाला अॅल्युमिनिअमचा चकाकता भाऊ दुकानांत वाट पाहतच असतो. यांतील बहुतेक नवशिक्याच्या कांहीं उपयोगाचे नाहींत. बॉल बेअरिंगें तेवढीं आरंभींच घालावीं, कारण पेटींतील साध्या वाट्या धुळीनें लवकर झिजतात. धक्के झेलण्यास पेटींत बिनतेलाच्या साध्या नळ्या येतात, त्या जागीं पुढें तेलाच्या घ्याव्या. तेल भरल्यावर दट्ट्या सावकाश वरखालीं करून बुडबुडे निघून जाईपर्यंत नळी उभी ठेवावी. एवढें झालें कीं वर्षभर दुकानाकडे पाहूं नये.

बाईंनीं मुख्यतः लक्ष द्यावयाचें तें बॅटरीकडे. लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी हलकी व जोरकस असते, पण ती रागीट आहे. दोन घरांच्या बॅटरींत प्रत्येक घर ४.२ व्होल्टांवर भरतें. त्यापलीकडे भरल्यास, फुगल्यास किंवा चेंबल्यास आग लागूं शकते, आणि ही आग सहजीं विझत नाहीं. एकत्र कुटुंबांत लहान मुलें, गाद्या, कपाटें, कोणी कुठें निजलेलें. अशा घरांत ती दिवाणावर भरत ठेवून मुलगा शाळेंत गेला असें होतां कामा नये. फरशीवर, मोकळ्या जागीं, दोन्ही घरें सारखीं भरणाऱ्या चार्जरवर, आणि मोठें माणूस समोर असतांनाच भरावी. कांहीं दिवस वापर नसेल तर दर घरास ३.८ व्होल्टांच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये. आमचें मत विचाराल तर पहिल्या वर्षीं ती घेऊंच नये. निकेल जातीची ७.२ व्होल्टांची बॅटरी जड आहे, थोडी मंद आहे, पण शिकण्यास अगदीं पुरे.

वरची कवची रंगविण्याचें काम घरांतील मुलींनींहि करावें इतकें मौजेचें आहे. कवची पारदर्शक, आणि रंग आंतून द्यावयाचा. म्हणून सगळें उलटें : बारीक रेघा व ठिपके आधीं, मोठा रंग मागून, आणि गडद रंग फिक्याच्या आधीं. जुन्या वाड्यांतून काचेच्या मागून रंगविलेलीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना ही युक्ति नवी वाटणार नाहीं.

शर्यतींविषयीं थोडेंसें. या वर्गाची जागतिक स्पर्धा भरते. जर्मनीचा मार्क राइनहार्ड २००४, २००८ आणि २०१० असा तीनदां जगज्जेता झाला. पण आमचें मन ज्यानें जिंकलें तो नियम अगदीं लहानशा क्लबांतहि पाळतात. आपली शर्यत संपली कीं स्पर्धकानें गाडी बाजूला ठेवून वळणावर जाऊन उभें राहावयाचें, आणि पुढच्या शर्यतींत ज्यांच्या गाड्या उलथतील त्यांच्या त्या उचलून सरळ करून द्यावयाच्या. जिंकलेल्यानेंहि, हरलेल्यानेंहि. मग तो मघां आपल्याला धक्का देऊन गेलेला का असेना ! हरल्याबरोबर तोंड फुगवून घरीं जाण्याची सोय नाहीं.

तेव्हां बाईंस आमचें उत्तर असें. शिष्यवृत्तीचे निम्मे पैसे मामंजींच्या म्हणण्याप्रमाणें बँकेंत राहावे. उरलेल्यांत सुट्या भागांची साधी पेटी, साधा रेडिओ, निकेलची बॅटरी. जें बसणार नाहीं तें पुढच्या दिवाळीला. गाडी जुळवितांना मुलानें एकट्यानें बसूं नये, कारण पुस्तिकेंतील चित्र पाहून भाग शोधणारा दुसरा माणूस लागतोच. रस्त्यावर मात्र ती पळवूं नये. मोकळें पटांगण पाहावें, आणि रेडिओ आधीं चालू, गाडी मागून, बंद करतांना गाडी आधीं, रेडिओ मागून, हा क्रम कधींहि चुकूं नये, नाहींतर गाडी आपल्या मनानें भिंतीवर जाऊन आदळते.

वहीचें पहिलें पान आम्हीं पट्टीनें आखून सोबत धाडलें आहे. रकाने पांच : तारीख, जमीन कशी होती, एकच बदल कोणता, गाडीचें वागणें, आणि पांच फेऱ्यांचा वेळ. गाडी चालविणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. घड्याळ दुसऱ्यानेंच धरावें लागतें. मामंजींपाशीं जुनें थांबतें घड्याळ असल्याचा उल्लेख बाईंच्या पत्रांत आहे, तें चालू स्थितींत आहे काय तेवढें कळवावें.