छतावरचं गुंतवळ

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण क्लासला जाता? बहुतेक सगळेच! मग पुढच्या वेळी सर फळ्याकडे वळले की हळूच एकदा वर बघा. (सरांनी पकडलं तर माझं नाव सांगू नका हं!) क्लास एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये असेल, तर डोक्यावर पांढऱ्या चौकोनी फरश्यांचं छत दिसण्याची शक्यता बरीच आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद अशा फरश्या, पत्र्याच्या पट्ट्यांवर नुसत्या ठेवलेल्या. यालाच फॉल्स सीलिंग म्हणतात. हे खरं छत नव्हेच. खरा स्लॅब त्याच्या फूट-दोन फूट वर असतो.

मग या दोन छतांच्या मध्ये काय असतं?

आपण चला मुळशी तालुक्यात, हिंजवडीला. काही दशकांपूर्वी इथे भाताची खाचरं होती. आज तिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे आणि काचेच्या मोठमोठ्या इमारतींमध्ये हजारो माणसं कॉम्प्युटरपुढे बसलेली असतात. तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबाही असतील. अशा एखाद्या ऑफिसात वायरमनकाका शिडीवर चढून वरची एक फरशी बाजूला सरकवतात, तेव्हा दोनपैकी एक देखावा दिसतो. पहिला देखावा छान! पत्र्याच्या लांब ट्रेमध्ये वायरी ओळीने झोपलेल्या, ठरावीक अंतरावर बांधलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला नावाची चिठ्ठी. दुसरा देखावा म्हणजे फणीत अडकलेलं गुंतवळ! लाल, काळ्या, निळ्या, पिवळ्या वायरी एकमेकींत अडकलेल्या, कुठे नुसती टेप गुंडाळलेला जॉइंट, तर कुठे कापून तशीच सोडलेली केबल.

हे गुंतवळ कुणी मुद्दाम करत नाही बरं का. ऑफिस भाड्याचं असतं. एक कंपनी येते, चाळीस टेबलं मांडते, तेवढ्या वायरी ओढते. चार वर्षांनी ती जाते, दुसरी येते. तिला टेबलं साठ हवीत आणि तीही दुसऱ्या दिशेला तोंड करून! मग नव्या वायरी. जुन्यांचं काय? खालून कापायच्या आणि वर ढकलून द्यायच्या. मग कॅमेरेवाला येतो, एसीवाला येतो, इंटरनेटवाला येतो. प्रत्येकजण आपापली केबल जागा मिळेल तिथून नेतो आणि फरशी खाली सरकवून निघून जातो. नवी वायर टाकण्याचे पैसे मिळतात. जुनी काढण्याचे कोण देणार? मला विचाराल तर सगळी गोम इथेच आहे.

तुम्ही म्हणाल, दिसत नाही ना, मग बिघडलं कुठे? आपणही पाहुणे आले की पसारा माळ्यावर टाकतोच की!

पण माळ्यावरचा पसारा तापत नाही. वायर तापते. वायरीतून वीज वाहते तेव्हा थोडी उष्णता तयार होतेच, आणि वीज दुप्पट वाहिली तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. एकटी वायर हवेला ही उष्णता देऊन गार राहते. वीस वायरींच्या जुडग्यात मधली वायर ही उष्णता देणार कुणाला? वायरीवरचं साधं पीव्हीसीचं कवच ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा हिशेबाने बनवलेलं असतं. त्याच्यापुढे ते मऊ पडतं, कडक होतं, तडकतं. आणि उंदीरमामांना तर माळा फारच आवडतो. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडावं लागतं. वायर चवीला कशी लागते कोण जाणे, पण कुरतडायला बरी असावी.

सगळ्यात वाईट असतो तो सैल जॉइंट. एक गणित करून बघा. जॉइंटमधून १० अँपिअर वीज जातेय, आणि सैलपणामुळे तिथे फक्त ०.३ ओहम रोध आलाय. आता १० गुणिले १० गुणिले ०.३ म्हणजे ३० वॅट! छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं. म्हणजे त्या छताच्या वर एक गरम सोल्डरिंग आयर्न रात्रंदिवस पडून आहे, आणि कुणाला पत्ता नाही. तुम्ही म्हणाल, एमसीबी आहे ना, ती पडेल! नाही पडणार. साधी एमसीबी फक्त वीज जास्त वाहतेय का एवढंच बघते. इथे वीज आहे तेवढीच आहे, जॉइंट तेवढा तापलाय.

आता मुळशीहून मुंबईला जाऊ. तशी मुळशीची वीज मुंबईला फार पूर्वीच पोचली आहे! टाटांच्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला जातं आणि तिथे १९२७ पासून मुंबईसाठी वीज तयार होते. (या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. ती मोठी गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी.) त्याच मुंबईत राज्याचा कारभार चालतो ते मंत्रालय आहे. २१ जून २०१२ च्या दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि बघता बघता वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसं दगावली. असंख्य फायली जळाल्या. तपासात शॉर्ट सर्किटचं कारण पुढे आलं. आग एवढी झपाट्याने पसरली, कारण तिला खायला भरपूर होतं. प्लायवूडची पार्टिशनं, लाकडी फर्निचर, फॉल्स सीलिंग आणि कागदांचे गठ्ठे!

फॉल्स सीलिंगवरची आग फसवी असते. खाली खोल्यांना भिंती असतात, पण त्यातल्या बऱ्याचशा भिंती पांढऱ्या छतापर्यंतच पोचतात. वर मात्र सगळ्यांचा मिळून एकच माळा! कित्येक ऑफिसांत एसीची परतीची हवाही तिथूनच जाते. म्हणजे धूर एका खोलीवर निघतो आणि चौथ्या खोलीत उतरतो. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि तो नाकाघशाच्या ओलाव्यात मिसळला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. हो, प्रयोगशाळेतल्या बाटलीतलंच. अमेरिकेत लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात २१ नोव्हेंबर १९८० ला आग लागली, तिचं मूळ असंच आत दडलेल्या वायरिंगमध्ये होतं. कुणाला दिसण्याआधी ती आतल्या आत धुमसत राहिली होती. ८५ माणसं गेली. आग खालच्या मजल्यावर होती, आणि त्यातली पुष्कळशी माणसं वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरली.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लक्षातच येत नाही. छत कोसळलं की वरचं सगळं गुंतवळ खाली लोंबायला लागतं. धुरात काही दिसत नाही, अग्निशमन दलाचा जवान गुडघ्यांवर रांगत पुढे सरकतोय, पाठीवर हवेचं सिलिंडर, आणि त्या सिलिंडरभोवती वायरी अडकतात. जाळ्यात मासा अडकावा तशा! म्हणून पुष्कळ जवान खिशात वायर कापायची पक्कड बाळगतात.

अमेरिकेने २००२ पासून आपल्या वीज-नियमावलीत नियमच घातला की वापरात नसलेल्या केबली, हात पोचेल तिथवरच्या, काढून टाकायच्या. आपल्याकडेही कमी धूर सोडणाऱ्या वायरी मिळतात. त्यांच्यावर ‘एफआरएलएस’ अशी अक्षरं असतात. पालकांनो, दुकान किंवा क्लाससाठी गाळा घेताना रंग आणि पंखे बघता, तशी एक फरशी वायरमनकडून उचलवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मुलांनो, तुम्ही मात्र शिडी लावून वर डोकवायचं नाही. गुंतवळातली कुठली वायर जिवंत आणि कुठली मेलेली, हे टेस्टरशिवाय वायरमनकाकांनाही कळत नाही. पण छताच्या फरशीवर तपकिरी डाग पडत चाललाय, दिवे उगीच लुकलुकताहेत, किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येतोय, असं जाणवलं तर लगेच मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी हसून सोडून दिलं तर पुन्हा सांगा.

आणि येत्या रविवारी घरी एक काम. आई किंवा बाबांना बरोबर घ्या आणि एमसीबीच्या डब्यासमोर उभे राहा. ते एकेक एमसीबी बंद करतील, तुम्ही घरभर धावत जाऊन काय काय बंद पडलं ते बघा आणि छोट्या चिठ्ठीवर लिहून डब्यावर चिकटवा: ‘स्वयंपाकघर’, ‘गीझर’, ‘पुढची खोली’. त्याआधी कुणाचं कॉम्प्युटरवर काम चालू नाही ना, तेवढं विचारून घ्या!