शिफ्ट की पाळी?

आमच्या बारामती एमआयडीसीत ‘शिफ्ट’ या एका शब्दावर सगळं भागतं. कामाची शिफ्ट, घर शिफ्ट करणं, पेशंट पुण्याला शिफ्ट करणं! मराठीत मात्र बिऱ्हाड हलवतात, पेशंटला नेतात आणि कामाला पाळी असते.

‘पाळी’ तर आमच्या मातीतलाच शब्द. नीरा डाव्या कालव्यावर पाण्याची पाळी, रानात कुळवाची पाळी, कारखान्यात रात्रपाळी. पण मासिक पाळी आठवते म्हणून तरुण मंडळी, विशेषतः बायका सोबत काम करत असल्या की, हा शब्द टाळतात.

यात लाजायचं काय? पाळी म्हणजे ठरल्या क्रमानं येणारी वेळ. पाण्याची, कामाची, शरीराचीसुद्धा. इंग्रजी शब्द खुशाल वापरा, पण लाजेपोटी आपला शब्द टाकू नका. तुम्हाला काय वाटतं?